गुदामांतील रॅक आणि त्यांवरील पोटमाळा

माळा हा शब्द शेतकऱ्यास नवा नाहीं. जोंधळा हुरड्यास आला कीं पाखरें राखण्याकरितां चार मेढी रोवून शेतांत माळा घालतात. घरांतहि आढ्याखालीं फळ्या टाकून माळा करतात व त्यावर बियाण्याचीं गाडगीं, जुने दोर, मोडकीं औतें पडलेलीं असतात. दोन्ही ठिकाणीं माळा घालणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न आपोआप येतो : वर माणूस चढणार, कीं नुसती वस्तु राहणार? शेतांतल्या माळ्याच्या मेढी तो चारचारदां हलवून पाहतो, कारण त्यावर त्याचा मुलगा गोफण घेऊन उभा राहावयाचा असतो. हल्लीं सहकारी संस्थांच्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या गुदामांत लोखंडी रॅक येऊं लागले आहेत, आणि त्या रॅकच्या आधारानें वर माणसांनीं काम करण्याजोगा पोटमाळा काढावा ही कल्पनाहि त्यांच्याबरोबर येते. अशा वेळीं वरील साधा प्रश्न नेमका विसरला जातो. रॅक मालाकरितां केलेला असतो. त्यावर माणसें चढविलीं म्हणजे तो रॅक राहत नाहीं, ती इमारत होते. आणि इमारतीचा हिशेब निराळा असतो. तो हिशेब शेतकरी बंधूंस स्वतः ताडून पाहतां यावा एवढ्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम रॅकची ओळख करून घेऊं. पॅलेट म्हणजे लांकडी फळ्यांची, मधून पोकळ ठेवलेली बैठक. त्या पोकळींत फोर्कलिफ्ट गाडीचे दोन लोखंडी दांडे शिरतात आणि वर रचलेला सगळा माल एकदम उचलला जातो. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकी सैन्यानें आपली अफाट रसद या रीतीनें हलविली व तेथून ही पद्धति जगभर पसरली. युरोपांत १९६१ सालीं तेथील रेल्वेंनीं १२०० मिलिमीटर लांब व ८०० मिलिमीटर रुंद असें पॅलेटचें एक माप ठरविलें. आपल्या नाशिककडील द्राक्षें युरोपास रवाना होतात तीं पॅलेटवर रचूनच. अशीं भरलेलीं पॅलेट एकावर एक ठेवलीं तर खालच्या मालाचा चुराडा होतो. म्हणून प्रत्येक पॅलेटला स्वतंत्र कप्पा देणारी उंच लोखंडी मांडणी निघाली. तीच पॅलेट-रॅक होय.

या मांडणीच्या मुळाशीं जी युक्ति आहे ती तालुक्याच्या कोणत्याहि हार्डवेअरच्या दुकानांत पाहावयास मिळते. लंडन येथें डिमिट्रियस कोमिनो यानें १९४७ सालीं भोंकें पाडलेली लोखंडी कोनपट्टी बाजारांत आणली. नट-बोल्टनें जोडावी, नको झाली कीं सोडवावी, पुन्हा दुसऱ्या आकारांत जोडावी, अशी तिची सोय. आपले दुकानदार जिला स्लॉटेड अँगल म्हणतात ती हीच. पॅलेट-रॅकमध्यें तर नट-बोल्टहि फारसे लागत नाहींत. उभ्या खांबांना अंगभर खांचा असतात. आडव्या तुळईच्या, म्हणजे बीमच्या, दोन्ही टोंकांस आंकडे असतात. ते आंकडे खांचांत अडकवून वरून हातोडीचा ठोका दिला कीं तुळई बसली. ती चुकून वर उचलली जाऊन सुटूं नये म्हणून शेवटीं एक लहानशी खिटी घालावयाची. ही सोय फार मोठी आहे खरी, पण धोकाहि तीतच आहे. जी तुळई दोन माणसें हातोडी घेऊन पांच मिनिटांत काढूं शकतात, ती कोणी ना कोणी केव्हां तरी काढतोच.

आतां पोटमाळा कशाला हवा, हें पाहूं. नुसतीं सोयाबीन, तूर, हरभऱ्याचीं पोतीं ठेवणाऱ्या गुदामास या खटाटोपाचें कांहीं कारण नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों. तेथें जमिनीवर लांकडी फळ्या टाकून, भिंतीपासून अंतर राखून थप्पी लावणें हीच योग्य रीत, आणि ती स्वस्तहि आहे. परंतु जेथें बेदाणा, हळद, डाळ, बियाणें यांची प्रतवारी आणि बांधणी होते, तेथें अडचण निराळी असते. रिकामे क्रेट, पुठ्ठ्याचीं खोकीं, पिशव्यांचे गठ्ठे हा वजनानें हलका पण आकारानें मोठा माल निम्मी जमीन अडवून बसतो, आणि डोक्यावरची आठ-दहा हात जागा रिकामी राहते. छप्पर एकदां घातलें, त्याचे पैसे भरले, आणि त्याखालची निम्मी हवा फुकट, हें कोणासहि खटकणारच. भिवंडीकडील मोठ्या वखारींत रॅकवर दोन-दोन, तीन-तीन मजले काढून माणसें वर वावरतांना आपले लोक पाहून येतात. मग आपल्याकडेहि रॅक आहेत, फळ्या आहेत, तेव्हां मधल्या गल्लीवर फळ्या टाकल्या कीं झालें, असें वाटूं लागतें.

पोटमाळा काढण्याच्या रीति मुख्यतः दोन आहेत. एकींत पोटमाळ्यास त्याचे स्वतःचे जाड खांब असतात आणि रॅकशीं त्याचा संबंध नसतो. दुसरींत रॅकचेच खांब पोटमाळा तोलतात. दोन रांगांमधील गल्लीवर जमीन टाकून वर चालावयाचें, दोन्ही बाजूंस कप्प्यांत माल. भिवंडीस जें दिसतें त्यांत दुसरी रीतहि पुष्कळ असते. पण तेथील खांब पहिल्या दिवसापासून त्या कामासाठींच हिशेब करून आणलेले असतात, आणि डोळ्यांना ते साध्या रॅकसारखेच दिसतात. सगळा घोटाळा येथें होतो.

आमच्या पाहण्यांत आलेल्या एका गुदामाचें उदाहरण घेतों. तेथें रॅकच्या दोन रांगा समोरासमोर होत्या. प्रत्येक खण २.७ मीटर लांब, १ मीटर खोल. मधली गल्ली ३ मीटर. तुळयांच्या दर जोडीवर २,००० किलो माल ठेवावा अशी विकणाऱ्याची पाटी होती. जमिनीपासून दीड मीटरवर पहिली तुळई, तीन मीटरवर दुसरी, साडेचार मीटरवर तिसरी. मंडळींनीं दुसऱ्या तुळयांच्या पातळीवर, रॅकवर व गल्लीवर मिळून, लांकडी फळ्या अंथरल्या. खालून ये-जा करतां यावी म्हणून पहिल्या तुळया काढून टाकल्या. वर प्रतवारीचें काम करणाऱ्या बाया बसावयाच्या, जवळ भरलेलीं आणि रिकामीं खोकीं. कोणी विचारलें तर उत्तर तयार : “अहो, दोन टन तोलणारा रॅक, चार बायांचें वजन तें केवढें!” अडाण्याचें हें उत्तर नव्हे. वरवर पाहतां तें बिनतोड आहे. म्हणूनच तें नीट तपासावें लागतें.

माणसें वावरतील व हलका माल राहील अशा जमिनीसाठीं दर चौरस मीटरास ३०० किलो भार धरूं. रॅकच्या खणाचें स्वतःचें क्षेत्र २.७ चौरस मीटर, म्हणजे भार ८१० किलो झाला. दोन हजारांच्या मानानें तो कांहींच नाहीं. येथपर्यंत त्या मंडळींचें म्हणणें खरें. पण गल्लीवरच्या फळ्या कशावर टेकल्या आहेत? अर्ध्या या बाजूच्या पुढच्या तुळईवर, अर्ध्या समोरच्या रांगेच्या पुढच्या तुळईवर. म्हणजे दीड मीटर रुंद व २.७ मीटर लांब एवढ्या पट्ट्याचा, अर्थात् ४.०५ चौरस मीटरांचा भार एकट्या पुढच्या तुळईवर आला. तो होतो १,२१५ किलो. त्यांत रॅकवरील ८१० किलोंपैकीं पुढच्या तुळईचा निम्मा वांटा, म्हणजे ४०५, मिळवा. बेरीज १,६२० किलो. आणि ती तुळई किती तोलते? पाटीवर २,००० लिहिलें आहे तें जोडीचें. एका तुळईच्या वांट्यास १,००० च येतात. दोन टनांचा रॅक म्हणतां म्हणतां हजार किलोंच्या तुळईवर सोळाशें किलो चढले. फळ्यांचें आणि त्यांखालच्या लोखंडाचें वजन यांत अजून धरलेंच नाहीं.

हा हिशेब तीनशें किलोंचा झाला. पोटमाळ्यावर भरलेलीं पोतीं गेलीं तर गणितच बदलतें. पन्नास किलोंचें एक पोतें आडवें टाकलें कीं सुमारें अर्धा चौरस मीटर जागा व्यापतें. तीं तीन एकावर एक ठेवलीं कीं तीनशेंची मर्यादा संपली. आणि हमालास तीन थरांवर थांबण्याची सवय नसते. याच कारणानें भारतीय प्रमाणसंस्थेच्या आय. एस. ८७५ या प्रमाणाच्या दुसऱ्या भागांत, १९८७ च्या आवृत्तींत, वखारीच्या जमिनीसाठीं साठ्याच्या दर मीटर उंचीस दर चौरस मीटरावर २.४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारें २४५ किलो, आणि कमींत कमी ७.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारें ७६५ किलो भार धरावा असें सांगितलें आहे. त्या मानानें वरील पुढच्या तुळईवर चार हजार किलोंहून अधिक भार येईल. वजनदार पोत्यांसाठीं रॅकवर पोटमाळा काढण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे तें यामुळें. तसा पोटमाळा हवाच असेल तर त्यास स्वतःचे खांब द्यावे.

तुळई निदान वांकून सूचना तरी देते. खांब तितका सभ्य नसतो. उसाचें वाळलेलें टिपरें दोन्ही हातांनीं टोंकाकडून दाबून पाहा. वीतभर तुकडा कितीहि दाबला तरी हलत नाहीं. तेंच टिपरें हातभर लांब घेऊन दाबलें कीं तें पोटांतून फुगतें आणि मोडतें. जाडी तीच, टिपरें तेंच, बदलली ती लांबी. स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यानें १७४४ सालीं हा नियम गणितांत बसविला : बारीक लांब खांबाची आधाराविना लांबी दुप्पट झाली तर त्याची शक्ति निम्मी होत नाहीं, चौथाई होते. रॅकमध्यें प्रत्येक तुळई माल तर तोलतेच. शिवाय ती खांबास कमरेला धरूनहि ठेवते. पहिली तुळई दीड मीटरवर होती तेव्हां खांबाचा सर्वांत खालचा तुकडा दीड मीटरचा होता. ती काढली, आणि तो तीन मीटरचा झाला. रॅकचे सगळेच खांब ऑयलरच्या नियमांत बसण्याइतके बारीक नसतात, म्हणून ही घट दर वेळीं चौथाईपर्यंत जाते असें नाहीं. पण कोणत्याहि खांबाची शक्ति पूर्वीइतकी राहत नाहीं, हें निश्चित.

याच ठिकाणीं दुसरी फसगत होते. मधल्या एका खांबावर पूर्वी तीन कप्प्यांचे दर कप्प्यास एक हजार असे ३,००० किलो येत होते. आतां पहिला कप्पा गेला. पोटमाळ्याचे १,६२० आणि वरच्या कप्प्याचे १,००० मिळून २,६२० किलो आले. मंडळी म्हणालीं, “आम्ही तर ओझें कमी केलें!” तें खरेंहि होतें. पण ओझें कमी करतांना त्यांनीं खांबाची कंबर सोडविली होती. तीन हजार तोलणारा खांब आतां किती तोलतो, याचें उत्तर फक्त त्याच्या कारखान्याच्या तक्त्यांत मिळतें, आणि तो तक्ता कोणीं मागविलेलाच नव्हता.

तें काम पंधरा-वीस दिवस चाललें. पुढें दुसऱ्याच कामासाठीं आलेल्या एका फिटरनें गल्लींतून जातां जातां वर पाहिलें. त्यानें पुढच्या तुळईच्या दोन टोंकांस दोरी ताणून धरली, तों मधोमध तुळई दोन बोटें खालीं आलेली. रॅकच्या तुळईचा बांक तिच्या लांबीच्या दोनशेंव्या भागाहून अधिक नसावा असा युरोपांतील नियम आहे, २.७ मीटरांस तो साडेतेरा मिलिमीटर, म्हणजे एक बोटसुद्धां होत नाहीं. शिवाय पुष्कळ आंकड्यांत खिट्या नव्हत्या. त्यानें बायांना आधीं खालीं उतरविलें, मग बोलावयास सुरुवात केली. कोणास इजा झाली नाहीं, पण त्याचें श्रेय गुदामाच्या व्यवस्थेस देतां येत नाहीं.

रॅक पडतो तेव्हां एकटा खण पडत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. एका खणाची तुळई शेजारच्या खणाच्या खांबांत अडकलेली असते, त्यामुळें एक खांब बसला कीं तो शेजाऱ्यास ओढतो आणि सगळी रांग पत्त्यांसारखी झोपते. मे २०१६ मध्यें इंग्लंडांत श्रॉपशर परगण्यांतील हिन्स्टॉक येथें चीजनें भरलेले उंच रॅक असेच एकापाठोपाठ कोसळले. फोर्कलिफ्ट चालविणारा माणूस त्या ढिगाऱ्याखालीं कित्येक तास अडकला होता. गाडीच्या पिंजऱ्यामुळें तो वांचला आणि जिवंत बाहेर निघाला. तेथें वर माणसें काम करीत नव्हतीं. तीं असतीं, तर त्यांच्याभोंवतीं पिंजरा नव्हता.

बाजूच्या धक्क्याविषयीं थोडें. रॅकच्या खोलीच्या दिशेनें दोन खांबांमध्यें तिरकस पट्ट्या असतात, त्यामुळें त्या दिशेस तो ताठ राहतो. रांगेच्या लांबीच्या दिशेस मात्र पुष्कळ रॅकना अशा पट्ट्या नसतात. तेथें सगळा ताठपणा तुळयांच्या आंकड्यांवर अवलंबून. माल निश्चल असतो, तोंवर तेवढें पुरतें. माणसें चालतात, ढकलगाडी ओढतात, एकदम थांबतात, आणि खालून फोर्कलिफ्टचा धक्का लागतो, तेव्हां पुरत नाहीं. त्यांत तुळया काढल्या म्हणजे आंकडेहि कमी झाले. म्हणून माणसें चढणाऱ्या रांगेस मागच्या बाजूनें फुलीच्या पट्ट्या घालाव्या लागतात, आणि गाड्यांच्या वळणावरील खांबांना जमिनींत बोल्टनें पक्का केलेला निराळा लोखंडी राखण-खुंट द्यावा लागतो. तो खुंट खांबास टेकलेला नसावा. टेकला तर खुंटास बसलेला धक्का खांबासहि बसतो.

आपल्याकडच्या जमिनीचा मुद्दा विलायती पुस्तकांत फारसा नसतो, पण आपणांस तो पहिला आहे. खांबाचा सगळा भार तळहाताएवढ्या लोखंडी बैठकीवर उतरतो. पोत्यांच्या थप्पीचें ओझें साऱ्या जमिनीवर पसरतें. रॅकचें ओझें ठिपक्याठिपक्यांनीं बोंचतें. मुरमावर शहाबादी फरशी घातलेलें जुनें गुदाम थप्पीस उत्तम, रॅकला अगदीं निरुपयोगी. बैठकीखालची फरशी तडकते आणि अँकर बोल्टला धरावयास कांहीं उरत नाहीं. काळ्या जमिनीवर बांधलेल्या गुदामांत तर दुहेरी भीति. पावसाळ्यांत माती फुगते, उन्हाळ्यांत आकसते, आणि वरची पातळ काँक्रीटची जमीन तिच्याबरोबर हलते. एक खांब वर, दुसरा खालीं झाला कीं रांग कलते; कललेल्या खांबावर तेंच ओझें अधिक जड होतें. अमेरिकेंतील रॅक-उत्पादकांच्या प्रमाणांत दहा फूट उंचीस अर्ध्या इंचापेक्षां अधिक कल चालत नाहीं. हें पाहावयास यंत्र लागत नाहीं, गवंड्याचा ओळंबा पुरे आहे. गुदाम काळ्या रानांत असेल तर पावसाळ्यानंतर एकदां आणि भर उन्हाळ्यांत एकदां, असा दोनदां ओळंबा लावावा.

आतां वर काम करणाऱ्यांच्या रक्षणाविषयीं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमांत असें तत्त्व घातलें होतें कीं जेथून माणूस पडण्याचा संभव आहे अशा उंचीवर काम करावयाचें असेल तेथें कठडा किंवा अन्य उपाय असलाच पाहिजे. आपलें गुदाम कायद्याच्या व्याख्येनें कारखाना ठरो वा न ठरो, पडणाऱ्यास त्याचा फरक पडत नाहीं. कठडा युरोपांतील प्रमाणाप्रमाणें १,१०० मिलिमीटर, अमेरिकेंतील नियमाप्रमाणें ४२ इंच. दोन्हींचा अर्थ एकच, म्हणजे तो माणसाच्या कंबरेच्या वर असावा. मध्यें एक आडवी पट्टी हवी. खालीं कडेला चार बोटांहून कमी नाहीं अशी उभी पट्टी हवी, म्हणजे पायानें लोटलेला वजनाचा दगड वा कात्री खालच्याच्या डोक्यावर पडणार नाहीं. कठडा किती पक्का हवा? अमेरिकेंत वरच्या दांड्यानें दोनशें पौंडांचा, म्हणजे सुमारें नव्वद किलोंचा रेटा सहन करावा असें ठरविलें आहे. भरल्या अंगाचा माणूस पाठ लावून रेलला तरी तो हलतां कामा नये, असा याचा अर्थ. सुतळीनें बांधलेला बांबू हा कठडा नव्हे. तो नुसता असल्याचा भास देतो, आणि माणूस त्या भासावर रेलतो.

बहुतेक कठडे सगळीकडे असतात आणि एकाच ठिकाणीं नसतात. जेथून माल वर घेतात त्या ठिकाणीं. फोर्कलिफ्ट पॅलेट वर लावते तेथें कठडा कायमचा ठेवतां येत नाहीं, म्हणून तेथें साखळी लावतात. ती साखळी सकाळीं एकदां काढली कीं दिवसभर लोंबत राहते, हें कोणत्याहि गुदामांत जाऊन पाहावें. यावर चांगला उपाय म्हणजे झोकाळ्याप्रमाणें वरखालीं होणारें जोडफाटक. त्याची बाहेरची बाजू उघडली कीं आंतली आपोआप बंद होते, आणि आंतली उघडली कीं बाहेरची बंद. त्यामुळें माणूस आणि उघडी कड एकमेकांसमोर कधींच येत नाहींत. याला चार पैसे अधिक पडतात. साऱ्या पोटमाळ्यांत अधिक पैसे घालण्यास योग्य अशी एकच जागा सांगा म्हटलें, तर आम्ही हीच सांगूं.

चढण्यास जिना असावा. शिडी नको, आणि तुळयांवरून माकडासारखें चढणें तर मुळींच नको. फोर्कलिफ्टच्या दांड्यांवर रिकामें पॅलेट ठेवून त्यावर माणसास वर नेण्याची जी रीत कित्येक ठिकाणीं दिसते, ती तत्काळ बंद करावी. पॅलेटला दांडे धरून ठेवीत नाहींत. तें त्यांवर नुसतें टेकलेलें असतें.

वरची जमीन कशाची करावी? फळ्या दिसावयास भरभक्कम असतात, पण त्या सरकतात, भिजून वांकतात, आणि त्यांच्या टोंकाशीं पाय पडला कीं दुसरें टोंक उठतें. चेकर्ड प्लेट घसरत नाहीं, धूळ खालीं गाळत नाहीं. प्रतवारीसाठीं ती बरी. परंतु आगीच्या दृष्टीनें लोखंडी जाळीची जमीन अधिक चांगली, कारण वर पाण्याचे फवारे बसविले असतील तर त्यांचें पाणी जाळींतून खालपर्यंत पोंचतें. जमीन सपाट पत्र्याची केली तर तिच्या खालच्या बाजूस निराळे फवारे घ्यावे लागतात. पुठ्ठा, गोणपाट, प्लॅस्टिकच्या पिशव्या हा पोटमाळ्यावरचा नेहमीचा माल, आणि याहून पेट घेण्यास अधिक तयार असा माल गुदामांत दुसरा नसतो. धूर वर जातो, माणसेंहि वरच असतात. म्हणून लांब पोटमाळ्यास दोन टोंकांस दोन जिने हवेत, एक चालणार नाहीं.

रॅक विकत घेतांनाच पुढें त्यावर पोटमाळा काढावयाचा आहे हें विकणाऱ्यास लेखी कळवावें. दर चौरस मीटरास किती भार, कोणत्या उंचीवर, गल्ली किती रुंद, खालून कोणती गाडी जाणार आणि जमीन कसली आहे, एवढ्या गोष्टी त्यांत असाव्या. आणि उत्तरादाखल स्थापत्य-अभियंत्याच्या सहीचा हिशेब व नकाशा मागावा. “चालेल हो, काळजी करूं नका” हें उत्तर घेऊं नये. जुने रॅक लिलांवांत स्वस्त मिळतात. माल ठेवण्यास ते घेण्यास हरकत नाहीं, मात्र ते कोणत्या कारखान्याचे व किती भाराचे हें कळलें पाहिजे. पोटमाळ्यासाठीं ते घेऊं नयेत. एका कारखान्याच्या तुळया दुसऱ्याच्या खांबांत घालणें तर अगदींच नको. आंकडे बसल्यासारखे दिसतात, पण पुरते बसत नाहींत.

पुढची देखभाल गुदामपालानें स्वतः करावी अशी आहे. युरोपांतील ई. एन. १५६३५ या प्रमाणांत तिची सोपी रीत दिली आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी खांबास लावून मधली फट मोजावयाची. खांब तुळईच्या दिशेनें वांकला असेल तर पांच मिलिमीटर, रॅकच्या खोलीच्या दिशेनें वांकला असेल तर तीन, आणि तिरकस पट्टी वांकली असेल तर दहा मिलिमीटरपर्यंत तो खण हिरवा, म्हणजे नुसतें लक्ष ठेवावें. त्याहून अधिक पण दुपटीपेक्षां कमी असेल तर पिंवळा : आहे तो माल निघाला कीं दुरुस्तीपर्यंत नवा ठेवूं नये. दुपट किंवा अधिक असेल तर तांबडा : तत्क्षणीं रिकामा करावा. ही मापें माल ठेवण्याच्या रॅकसाठीं आहेत. ज्या खांबांवर माणसें उभीं आहेत तेथें पिंवळा दिसला तरी आम्ही माणसें खालीं उतरवूं. वांकलेला खांब गरम करून किंवा घण मारून सरळ करूं नये. पातळ पत्रा एकदां मुडपला कीं सरळ दिसला तरी त्याचा दम गेलेला असतो. तो बदलावा. वर्षांतून एकदां जाणत्या माणसाकडून सगळी तपासणी करून घ्यावी, आणि ती हंगाम सुरू होण्यापूर्वी, गुदाम रिकामें असतांना करावी.

जिन्याच्या पायथ्याशीं एक पाटी असावी : वर दर चौरस मीटरास किती किलो, एका वेळीं माणसें किती, पोत्यांचे थर किती. ती मराठींत, मोठ्या अक्षरांत असावी आणि किलोंबरोबर पोत्यांच्या संख्येंतहि असावी, कारण हमाल किलो मोजीत नाहीं, पोतीं मोजतो. आणि पहिल्या तुळईवर तांबड्या रंगानें लिहावें : ही काढूं नये.